मैदानासाठी हरळी निवडताना: प्रकल्प नोंदी

24 जानेवारी 2023
मंजुरीचं पत्र हातात आलं. रक्कम मागितली होती त्याहून कमी, पण काम अडणार नाही. विषय असा: आपल्याकडच्या रानटी हरळीत जी विविधता आहे तिच्यातून मैदानाच्या हिरवळीसाठी वाण निवडायचे. गोल्फचं ग्रीन डोक्यात नाही. क्रिकेटचं आउटफिल्ड आणि शाळा-कॉलेजांची मैदानं, जिथं पाणी बेताचं आणि माळी एकच असतो, ती डोक्यात आहेत.

सध्या नर्सरीत हिरवळीसाठी हरळीचा 'सिलेक्शन वन' वाण मिळतो, आणि खिसा मोठा असेल तर टिफवे 419. टिफ मालिका अमेरिकेतल्या जॉर्जिया राज्यात, टिफ्टन गावच्या केंद्रात ग्लेन बर्टन यांनी काढली: टिफग्रीन 1956, टिफवे 1960, टिफड्वार्फ 1965. टिफग्रीन आणि टिफवे हे आपली हरळी (सायनोडॉन डॅक्टिलॉन, 36 गुणसूत्रं) आणि दक्षिण आफ्रिकेतलं बारीक पानांचं सायनोडॉन ट्रान्सव्हालेन्सिस (18 गुणसूत्रं) यांचे संकर. एकाकडून 18, दुसऱ्याकडून 9, मिळून 27. तीन संच असल्यामुळे त्यांना बी धरत नाही. लावायचं ते खोडाचे तुकडे करूनच. म्हणजे जगभरच्या मैदानांवरच्या या संकरांतली दोन तृतीयांश गुणसूत्रं हरळीच्या जातीची आहेत, आणि आपण मात्र तिला खुरपून बांधावर टाकतो. प्रस्तावात हे वाक्य होतं, सरांनी खोडलं. इथं राहू दे.

11 फेब्रुवारी 2023, शिरोळ
कृष्णाकाठची क्षारपड जमीन. ऊस सोडून दिलेली रानं, वर पांढरा फुफाटा, आणि त्यात जिवंत दिसणाऱ्या मोजक्या गोष्टींपैकी एक हरळी. एका शेतकऱ्याला विचारलं, थोड्या काशा (हरळीची जमिनीखालची खोडं) खणून नेऊ का. तो म्हणाला, "हराळी पायजे? सगळं रानच घेऊन जावा की." नांगरट झाल्यावर मजूर लावून ज्या काशा वेचाव्या लागतात त्या मागायला पुण्याहून माणसं आली, याचं त्याला आणि त्याच्या शेजाऱ्याला बराच वेळ हसू येत होतं. चहा मात्र पाजला.

नमुना घेण्याचा नियम: दोन नमुन्यांत भरपूर अंतर. हरळीचा एक मोठा पट्टा म्हणजे पुष्कळदा एकच झाड पसरलेलं असतं. त्याच्या दोन टोकांचे तुकडे घेतले तर एकच गोष्ट दोनदा गोळा होते. उलट, मध्ये चारी किंवा रस्ता आला की पलीकडचं वेगळं असण्याची शक्यता वाढते. हरळी स्वतःच्या परागांवर बी जवळजवळ धरत नाही, त्यामुळे बियांतून आलेलं प्रत्येक रोप हे संकरच असतं आणि भावंडांतही फरक पडतो.

पुढच्या फेऱ्या: सोलापूरकडची माळरानं, राजापूरची खार जमीन, महाबळेश्वरचं पठार, पुण्यातली जुनी मैदानं. जुनी मैदानं विसरायची नाहीत. जिथं वर्षानुवर्षं कापणी आणि तुडवण झाली आहे तिथं निवड आपोआप झालेली असते.

6 मार्च 2023
चाळीसेक नमुने कुंड्यांत. सगळ्यांना एकच माती: गाळ, वाळू आणि थोडं शेणखत. पण एवढ्यानं भागत नाही. ज्या तुकड्यानं शिरोळच्या क्षारात दिवस काढले त्याच्यात त्या दिवसांची उपासमार साठलेली असते. म्हणून प्रत्येक नमुन्यातून एक पेर असलेला एक तुकडा घ्यायचा, तो वाढवायचा, आणि त्या वाढीतून पुन्हा एक पेर. दुसऱ्या फेरीची झाडंच मोजमापाला घ्यायची. माळीमामांना हे पटलेलं नाही. "एवढी मोठी झालेली कुंडी मोडायची कशाला?" असं दर दोन दिवसांनी ऐकतो आहे.

29 मे 2023
आता मामाही पटले.

महाबळेश्वरचा दोन नंबर आणताना सगळे हरखले होते: बोटभर उंचीची घट्ट गादी, पेरं अगदी जवळजवळ. कुंडीत दुसऱ्या फेरीला तो चांगला फुटभर लोंबतो आहे. तिथं तो बुटका होता कारण गुरं रोज चरत होती आणि थंडी वाऱ्याची जागा होती. बुटकेपणा पठाराचा होता, गवताचा नव्हता. उलट पुण्याच्या एका जुन्या मैदानाच्या कोपऱ्यातला नमुना, ज्याला आणताना कुणी नाव ठेवलं नाही की कौतुक केलं नाही, तो इथंही तसाच बारीक आणि बसका आहे. त्याला 'मैदान-5' म्हणतो आहोत.

राजापूरच्या एका नमुन्याला जमिनीखाली काशाच नाहीत, फक्त वरून धावणारी खोडं. जात वेगळी असावी. वनस्पतिशास्त्राच्या मॅडमना फुलोरा आल्यावर दाखवायचा. तोवर तो यादीबाहेर.

30 जून 2023
शेतात लागण. प्रत्येक वाफा दीड मीटर बाय दीड मीटर, मधोमध एकच गड्डा, तीन पुनरावृत्ती (म्हणजे प्रत्येक नमुन्याचे तीन वाफे), चिठ्ठ्या टाकून जागा. सोबत तुलनेला 'सिलेक्शन वन' आणि टिफवे 419. वाफ्यांच्या मध्ये हातभर रुंद मोकळी पट्टी. हरळीच्या प्रयोगात सगळ्यात मोठा शत्रू हरळीच असते. शेजारचा वाण रात्रीतून पट्टी ओलांडतो आणि पुढच्या वर्षी आपण दोन वाणांच्या खिचडीला एकाच नावानं गुण देत बसतो. मामांना दर आठवड्याला कडा खुरपायचं काम, आणि खुरपलेलं पाटीतून लांब नेऊन जाळायचं. बांधावर टाकलं तर ते तिथूनच परत येणार.

28 ऑगस्ट 2023
ऑगस्ट कोरडा गेला. आभाळ येतं आणि जातं. शेतकऱ्यांचे हाल आहेत, आमच्या प्रयोगाला मात्र न मागता ताण मिळाला. बाकीच्या वाफ्यांना पाणी चालू केलं, पण तिसरी पुनरावृत्ती ठरवून कोरडी ठेवली, नुसतं बघायला. सोलापूरचे नमुने हिरवे राहतील अशी अटकळ होती. तसं सरसकट नाही. एक हिरवा आहे, त्याच्या शेजारच्या गावचा सगळ्यांच्या आधी तपकिरी झाला. मात्र तपकिरी झालेला मेला नाही. खणून पाहिलं तर काशा रसरशीत. म्हणजे दोन वेगळे गुण आहेत: ताणातही हिरवं राहणं, आणि ताणात झोपून नंतर उठणं. मैदानवाल्याला पहिला हवा असतो, शेतकऱ्याला हरळीचा दुसरा गुण चांगलाच परिचित आहे.

कोरड्या पुनरावृत्तीचे आकडे मुख्य तक्त्यात धरायचे नाहीत. एकाच पुनरावृत्तीवर वाण ठरत नसतो.

20 सप्टेंबर 2023
गणपती बसले. काल पहाटे कुणीतरी वाफ्यांतून दूर्वा खुडून नेल्या! पाट्या बघून तरी माणसानं थांबावं, पण चतुर्थीच्या पहाटे पाट्या कोण वाचतो. आधी चरफडलो, मग वाफे फिरून पाहिले आणि वही काढली. खुडणाऱ्यानं निवड अगदी नेमकी केली होती. उभे, लांब, लुसलुशीत तीन पानांचे कोंब देणारे वाफेच उघडे पडले होते: शिरोळ-1, महाबळेश्वर-2, सोलापूरचे बहुतेक. 'मैदान-5' आणि टिफवेला हातही लावला नव्हता. दूर्वा विकणाऱ्याला जे गवत नको तेच कापणीच्या मैदानाला हवं. उभ्या वाढीची नोंद आम्ही पुढच्या महिन्यात घेणार होतो, ती कुणीतरी फुकट करून दिली. मोजमाप अर्थात पुन्हा घ्यावं लागेल, खुडलेल्या वाफ्यांना महिनाभर देऊन.

17 ऑक्टोबर 2023
फुलोऱ्याचा हंगाम. मैदानावर तुरे नकोत. कापल्यावर देठांची खुंटं उरतात आणि हिरवळ भुरकट दिसते. वाफ्यात चौकट टाकून तुरे मोजतो आहोत. शिरोळ-1 वर काणी दिसली: तुऱ्याच्या चारी बोटांवर काळी भुकटी, हात लावला की बोटं काळी. ज्वारीची काणी पाहिलेल्या माणसाला ओळखायला वेळ लागत नाही, बुरशी मात्र वेगळी, हरळीची खास. तिन्ही पुनरावृत्तींत तोच वाण काळा आणि लागून असलेले वाफे स्वच्छ. वाण रोगाला बळी पडतो असं म्हणायला हे पुरेसं आहे का? नाही, कारण तो रोग काशांतूनच शिरोळहून आला असेल. स्वच्छ पेरातून पुन्हा वाढवून बघितल्याशिवाय शिक्का मारायचा नाही.

आजपासून कापणी. उंची 12 मिमी, आठवड्यातून दोनदा.

19 जानेवारी 2024
पहाटे चांगलंच गारठतंय. हरळी उन्हाळ्याचं गवत. जमिनीचं तापमान 10 अंशांच्या खाली रेंगाळलं की ती रंग सोडून झोपते. पुण्यात ती पुरती झोपत नाही, पण वाण उघडे पडायला एवढी थंडी पुरते. काही वाफे जांभळट, काही फिके, तीन-चार अजून हिरवे. रणजीचे सामने याच दिवसांत असतात, त्यामुळे थंडीतला रंग हा आपल्याकडे चैनीचा गुण नाही.

गुण 1 ते 9 मध्ये देतो, अमेरिकेतल्या राष्ट्रीय हिरवळ चाचण्यांची तीच पद्धत आहे: 6 म्हणजे चालण्यासारखं, त्याखाली नापास. दोघांनी वेगवेगळे गुण द्यायचे आणि हातात फक्त वाफ्याचा क्रमांक, वाणाचं नाव नाही. नाव दिसलं की 'मैदान-5' ला अर्धा गुण आपोआप वाढतो. फोटोही काढतो आहोत, एकाच उंचीवरून, छत्रीच्या सावलीत. हिरव्या ठिपक्यांची टक्केवारी संगणक मोजतो. ही युक्ती अर्कान्सा विद्यापीठातल्या मंडळींनी 2001 मध्ये मांडली. रंगाच्या बाबतीत डोळा आणि संगणक जवळपास एकच बोलतात, पोताच्या बाबतीत डोळाच बरा.

15 मार्च 2024
वर्षाचे आकडे तक्त्यात. आता खरा प्रश्न: वाफ्यांत दिसणाऱ्या फरकातला किती वाणाचा आणि किती जागेचा?

पदव्युत्तरच्या मुलांना फळ्यावर असं मांडून दिलं. समजा पानाच्या रुंदीत वाणांमुळे येणारं विचरण (फरकाचं माप) 0.40, आणि एकाच वाणाच्या वेगवेगळ्या वाफ्यांतलं विचरण 0.30. पुनरावृत्ती तीन. तर वाणाच्या सरासरीची अनुवंशिकता = 0.40 ÷ (0.40 + 0.30/3) = 0.80. म्हणजे सरासरीत दिसलेल्या फरकाचा पाचातला चार हिस्सा लागणीबरोबर पुढे जाईल. दुसरा गुण घ्या, झीज भरून येण्याचा. वाणांमुळे 0.12, वाफ्यांमुळे 0.54. उत्तर 0.40. दिसतंय त्यातलं निम्म्याहून जास्त हवेत विरणार. पुनरावृत्ती तीनच्या सहा केल्या तर तेच उत्तर 0.57 वर जातं. गवत तेच, अनुवंशिकता वाढली, कारण आपण मोजमाप सुधारलं. एका मुलीनं विचारलं, मग अनुवंशिकता हा गवताचा गुण की प्रयोगाचा? दोन्हींचा. हा प्रश्न परीक्षेत कुणी विचारत नाही, विचारायला हवा.

हरळीला आणखी एक सवलत आहे. आपण पेरानं लावतो, म्हणून बियांच्या पिकासारखं जनुकांची जुळणी पुढच्या पिढीत फुटण्याची भीती नाही. जे निवडलं ते अख्खं पुढे जातं. गव्हा-ज्वारीवाले मित्र यावरून आमची चेष्टा करतात की तुमचं काम सोपं. सोपं एवढंच की चांगला वाण सापडला तर टिकतो. सापडायला पाहिजे.

आमच्या तक्त्यात पानाची रुंदी आणि दोन पेरांतलं अंतर भक्कम निघाले, थंडीतला रंग मध्यम, आणि झीज भरण्याचं फार कच्चं. कागदावर सोपा निष्कर्ष निघतो: जे भक्कम आहे त्यावर निवड करा. पण आउटफिल्डला कोण पानाची रुंदी मोजायला जातं? गोलंदाजाच्या धावपट्टीच्या टोकाला टक्कल पडतं ते भरून येणं महत्त्वाचं. कच्चा आकडा म्हणजे गुण बिनमहत्त्वाचा असं नाही, जास्त पुनरावृत्ती लावा एवढाच त्याचा अर्थ. पुढच्या टप्प्यात वाण कमी, वाफे जास्त.

18 नोव्हेंबर 2024
झिजेची चाचणी. हातरोलरवर बोल्ट ठोकून बुटांच्या खिळ्यांसारखे टोचे केले आणि तो प्रत्येक वाफ्याच्या अर्ध्या भागावरून ओढला, माती दिसेपर्यंत. मामांना हे काम पाहवेना. वर्षभर लेकरासारखं जपलेलं गवत आपणच फाडायचं.

आता रोज फोटो. जे दिसतं आहे ते मला आधीपासून खुपत होतं. 'मैदान-5' झिजतं उशिरा, कारण दाट आहे, पण एकदा फाटलं की भरता भरत नाही. पेरं जवळ म्हणजे एकेका खोडाची धाव आखूड, आणि खणून पाहिलं तर काशा विरळ. शिरोळ-3 पान जाड, दिसायला गावठी, पण खाली काशांचं जाळं आणि दोन आठवड्यांत टक्कल झाकलं. बारीक पोत आणि लवकर भरणं हे एकाच झाडात मागणं म्हणजे बऱ्याच अंशी परस्परविरोधी मागणं आहे.

सर म्हणतात, सगळ्या गुणांना भार देऊन एकच निर्देशांक काढा आणि वरचे घ्या. मला पटत नाही. बेरजेत सुंदर पानाचे गुण टकलाचे गुण भरून काढतात. मैदानावर तसं भरून निघत नाही. मी उंबरठे ठेवले: झीज भरणं, थंडीतला रंग आणि कापणीनंतरची घनता, यांपैकी एकातही 6 च्या खाली गेला तो बाद, मग इतर काही असो. जे उरतात त्यांच्यात पोत बघायचा. या नियमानं टिफवे सहज राहतो, हे कबूल करायलाच हवं. साठ वर्षांपूर्वीचा वाण आहे आणि अजून आमच्या बहुतेक नमुन्यांना पाणी पाजतो.

3 मार्च 2025
क्षाराची चाचणी कुंड्यांत. हरळी मुळात चिवट. पुस्तकी आकडा सांगतो की मातीची क्षारता 6.9 डेसीसायमन प्रति मीटर होईपर्यंत तिची वाढ घटत नाही. आम्ही मिठाचं पाणी टप्प्याटप्प्यानं त्याच्या पुढे नेलं.

सकाळी ऊन पडायच्या आत भिंगातून शिरोळ-3 चं पान पाहिलं. पानाच्या शिरांलगत साखरेपेक्षा बारीक चकचकीत कण, ओळीनं. जिभेला लावलं, खारट. हरळीच्या पानावर दोन पेशींच्या मीठग्रंथी असतात, त्या जास्तीचं मीठ बाहेर टाकतात. सगळ्याच वाणांवर कण आहेत, पण प्रमाण सारखं नाही. शिरोळचे दोन नमुने चांगले, तिसरा पुण्याच्या मैदानातल्यांइतकाच मध्यम. राजापूरच्या खारीतला एक तर सगळ्यांत वाईट! तो भरतीच्या पाण्यापासून वर, बांधाच्या माथ्यावर वाढत असावा. गोळा करताना खार जमीन एवढंच लिहिलं होतं. यापुढे नमुन्यासोबत त्याच ठिकाणची मातीही घ्यायची.

21 एप्रिल 2025
आढावा बैठक. एकानं विचारलं, एवढे वाण ठेवण्यापेक्षा सगळ्यात चांगला एक का देत नाही? मैदानाचे लोक एकच मागतात, दोन लावले तर ठिगळं दिसतात.

त्यांचं म्हणणं खोटं नाही. पण मी बाजरीची गोष्ट सांगितली. टिफ गवतं काढणाऱ्या बर्टन यांनीच टिफ्टनला बाजरीची नरवंध्य (स्वतःचा पराग न देणारी) ओळ काढली, टिफ्ट 23 ए. तिच्या जोरावर 1965 मध्ये लुधियानात आपला पहिला संकरित बाजरी वाण आला, एचबी-1, आणि पाठोपाठ त्याची भावंडं. उत्पादन भारी. मात्र सगळ्यांची आई एकच, आणि तिला गोसावी रोगाशी लढायची ताकद नव्हती. सत्तरच्या दशकाच्या सुरुवातीला गोसावी पसरला तेव्हा या संकरांना वाचवणारं त्यांच्या रक्तात काही नव्हतं. आपल्याकडच्या म्हाताऱ्या बाजरीवाल्यांना हे अजून आठवतं. पेरानं लावलेली हिरवळ तर त्याहून पुढची पायरी: मैदानभर अक्षरशः एकच झाड.

आणि एकच झाडही एकच राहत नाही. टिफड्वार्फ हा टिफग्रीनमध्येच आपोआप झालेला बदल होता, ग्रीनवर वेगळा ठिपका म्हणून दिसलेला. तो फायद्याचा निघाला म्हणून वाण झाला. असे बदल अनेकदा फायद्याचे नसतात, मग मैदानावर नको ती ठिगळं आपोआप तयार होतात. म्हणून मूळ कुंड्या वेगळ्या जपायच्या आणि दर काही वर्षांनी लागण त्यांच्यातूनच घ्यायची.

संकराचा प्रश्नही निघाला. शिरोळ-3 आणि 'मैदान-5' शेजारी ठेवून बी धरवायचं. दोघं स्वतःच्या परागावर बी धरत नसल्यानं नर काढत बसायची गरज नाही, जे बी मिळेल ते बहुतेक एकमेकांचंच. आधी दोघांची गुणसूत्रं मोजून घ्यायची. मुळांची टोकं मॅडमच्या प्रयोगशाळेत दिली आहेत. दोघं 36 निघाले तर वाट मोकळी, एखादं वेगळं निघालं तर वांझ पिलावळ हाती येईल. लागणीला तीही चालेल म्हणा.

28 मे 2025
पाऊस मे महिन्यातच कोसळतोय. परवा मुंबईला मोसमी पाऊस पोचल्याचं जाहीर झालं. लागणीचं वेळापत्रक जूनअखेरचं होतं, ते सगळं पुढे ओढलं.

दुसऱ्या टप्प्यात चार वाण: शिरोळ-3, 'मैदान-5', सोलापूरचा तो हिरवा राहिलेला, आणि पुण्याच्याच दुसऱ्या मैदानातला एक, ज्यात दिपवणारं काही नाही पण तिन्ही उंबरठ्यांवर बसतो. 'मैदान-5' झिजेत उंबरठ्याखाली गेला होता, नियमानं बाद. संकरासाठी आणि कमी तुडवणीच्या जागांसाठी ठेवला आहे, मैदानाच्या वाणात धरायचा नाही. तुलनेला टिफवे. सहा पुनरावृत्ती, दोन ठिकाणी: इथली काळी माती आणि कोकणातली जांभ्याची. एक जादा वाफा शिरोळ-3 आणि पुण्याचा वाण मिसळून, ठिगळं खरंच किती दिसतात ते बघायला. 12 मिमीवर कापल्यावर दिसणार नाहीत असा माझा अंदाज आहे, सरांचा उलटा.

गुणसूत्रांचा निकाल अजून नाही. शिरोळ-1 स्वच्छ पेरातून वाढवून झाला, ऑक्टोबरमध्ये तुरे येतील तेव्हा काणीचं कळेल. कोकणातल्या वाफ्यांसाठी शिरोळ-3 चे गड्डे कमी पडतायत. मामांना सांगितलं आहे, उद्या मूळ कुंडी न मोडता तिच्या शेजारच्या दोन फोडायच्या.